जित्या पाण्याचा झरा

सैबेरियातली कझिम नदी दलदलीतून रेंगाळत येते, तांबूस आणि जड. वर बर्फ बसला की भर थंडीत खालचं पाणी मरतं. मासे गुदमरतात आणि तळातून झरा फुटतो तिथे जीव वाचवायला गर्दी करतात. ज्याचा झरा, त्याची चूल हिवाळाभर पेटती. उल्यानाच्या नवऱ्याचा, येफिमचा, असा एक झरा होता. येफिम गेला आणि त्याच्या थोरल्या भावानं, प्रोकोपीनं, लगेच तिथे आपला माशांचा सापळा लावला.

"मरताना येफिमनंच दिला मला," तो म्हणाला. साक्षीला कोण? मेलेला आणि हा!

सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, तो समोर आला की शालीत तोंड झाकायचं. म्हणून उल्याना त्याच्या देखत कुत्र्याशी बोले. "खा रे बाबा. तू निदान भावाच्या ताटातलं पळवत नाहीस." लेकी बोले सुने लागे.

"उल्यानाचा कुत्रा फार शिकलाय हं!" प्रोकोपी हसे, आणि गावही हसे. ती शालीआड दातओठ खाई. प्रोकोपीची बायको, जाऊ दार्या, लपवून मासे देई, त्यावर उल्यानाच्या पोरी वाढल्या. उपकाराचा तो घास उल्यानाला कधी गोड लागला नाही.

एका हिवाळ्यात प्रोकोपीनं गुहेत झोपलेलं अस्वल मारलं. रीतीप्रमाणे त्याचं मुंडकं पाहुणा म्हणून मेजावर मांडलं, गाणी रंगली. उल्याना उठली आणि तिनं तोंडावरची शाल खांद्यावर टाकली.

"भावोजी, पाहुण्याच्या नाकावर हात ठेवून सांगा, झरा येफिमनं दिला. खोटं असेल तर याचे भाऊबंद तुम्हाला फाडून खातील."

एवढ्या लोकांत माघार कशी घ्यायची? प्रोकोपीनं हात ठेवला आणि खोटं बोलला.

दुसऱ्या दिवशी तो झऱ्याकडे निघाला. वाट रानातून. पहिल्या झाडांपासूनच तो परत फिरला. थंडीत अस्वलं झोपलेली असतात, हे गावातल्या पोरांना त्यानंच शिकवलेलं. पण रानात तो पुन्हा शिरला नाही. उल्यानानं त्याचा सापळा उपटून आपला लावला.

वसंताच्या तोंडावर दार्या आली. "बाई गं, झोप उडालीय त्यांची, नुसती हाडं राहिलीत. जिनं शपथ घातली तिनंच सोडवायची. एकदा 'सुटली' म्हण ना! सगळ्यांसमोर खरं कबूल करतो म्हणतात, झराही तुझाच म्हणतात."

उल्यानानं चांगले जाडजूड मासे निवडून जावेच्या ओटीत घातले.

"तुला लागतील तेवढे ने, दार्या, कधीही ये," ती म्हणाली. "झरा माझ्याकडे आहेच. शपथ राहू दे त्यांच्याकडे."