छावणीतला तिसरा पेशंट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही — मुलगी स्वतः डॉक्टर आहे, तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. याआधी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा नुसतं दुष्काळाचं वर्णन करून उठलो.

दुष्काळाबद्दल थोडं सांगावंच लागेल, कारण छावणी त्यातूनच उभी राहिली. त्या वर्षी भर पावसाळ्यात आभाळ कोरडं गेलं होतं. बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याच्या अलीकडे, एका सहकारी साखर कारखान्याच्या ट्रस्टचा दवाखाना होता. तिथे मी कॅज्युअल्टी बघायचो. दवाखान्यापासून जवळच लिंबागणेशच्या बाजूला कारखान्याने जनावरांची छावणी उघडली होती. दावणीला गुरं आणि गुरांशेजारी माणसं — एका पालात सहा-सात जण. पाणी टँकरचं. आमच्या कॅज्युअल्टीत हात धुवायला दिवसाला दोन बादल्या मिळायच्या. दुपारनंतर आम्ही एकाच बादलीत हात बुचकळत होतो.

पुण्यात स्वाइन फ्लू आला होता. पेपरात रोज फोटो असायचे, तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांचे. आमच्याकडे लोक म्हणायचे, तो शहरातला ताप, इकडच्या उन्हात टिकायचा नाही. मीही हसून मान डोलवायचो.

सोमवारी पहिला पेशंट आला. छावणीच्या ट्रकचा ड्रायव्हर, पस्तिशीचा, धडधाकट गडी. पुण्याकडून उसाचं वाढं भरून आणायचा. पाच दिवस ताप, आणि आता दम लागलेला. मी न्यूमोनिया लिहिलं, सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला. मंगळवारी छावणीत भाकरी थापणारी एक बाई आली. तीही तरुण, तसाच ताप, तसाच दम. खोकल्यातून लालसर थुंकी. तिच्या बोटाला चिमटा लावला तेव्हा ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या घरात होता आणि ती माझ्याशी नीट बोलत होती, म्हशीला कोण पाणी पाजेल ते विचारत होती. एवढा आकडा उतरलेलं माणूस असं बोलत नाही. मी चिमटा बदलून पाहिला. दुसऱ्या चिमट्यानेही तेच दाखवलं.

इथे मला थांबावंसं वाटतंय — कारण इथपर्यंत मी वाईट डॉक्टर नव्हतो.

मंगळवारी संध्याकाळी मी टेबलाचा खण उघडला. त्यात आरोग्य खात्याचं पत्र होतं, पंधरा दिवसांपूर्वी आलेलं. तरुण माणसाला ताप येऊन अचानक दम लागला, किंवा एकाच ठिकाणचे असे दोन पेशंट आले, तर ताबडतोब फोन करा आणि पेशंट बीडला पाठवा — औषध तिथेच होतं, आम्हाला ते मिळत नव्हतं. गरोदर बायांना धोका जास्त, असंही होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालून रजिस्टरच्या खाली सरकवलं.

म्हणजे मला कळलं होतं. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा इतक्या सरळ शब्दांत बोललेलो नाही. मंगळवारीच मला कळलं होतं.

मग फोन का केला नाही? गुरुवारी सकाळी चेअरमनसाहेब पाहुणे घेऊन छावणी दाखवायला येणार होते. मांडव घालून झाला होता. आणि मला दवाखान्याचा प्रमुख करायचं त्यांच्या मनात होतं. पण मला कुणीही गप्प बसायला सांगितलं नव्हतं, बरं का. चेअरमनसाहेबांचा फोन नाही, निरोप नाही. छावणी बंद पडली तर ते काय म्हणतील, हे मीच माझ्या मनात त्यांच्या आवाजात बोलत होतो. आणि आणखी एक — आदल्या वर्षी एका लग्नातल्या जुलाबांना मी पटकी म्हणून मोकळा झालो होतो. निघालं शिळ्या बासुंदीचं पातेलं. महिनाभर लोक मला मागून ‘पटकी डॉक्टर’ म्हणत होते. खरा ठरलो तर चेअरमन, खोटा ठरलो तर हसू. या दोन भीतींच्या मध्ये मी बसून राहिलो.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला गयाबाई आली. पंचविशीची असेल. सहावा महिना. नवरा भागवत तिला जीपमधून उचलून घेऊन आला होता. तिचे ओठ निळसर पडले होते, आणि तरी पदर सारखा करण्याची तिची धडपड चालू होती.

ड्युटीवर शोभा सिस्टर होत्या. तलवाड्याच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, कामाला तिप्पट. त्यांनी गयाबाईला ऑक्सिजन लावला, कुठून आलात ते नवऱ्याला विचारलं, आणि सरळ माझ्या टेबलाशी आल्या. हळू आवाजात बोलल्या, पण प्रत्येक शब्द मला आजही ऐकू येतो.

“सर, ही तिसरी हाय. तिघंबी त्याच छावणीतली. ह्यो साधा न्यूमोनिया न्हाई. पेपरात येतंय त्योच ताप हाय ह्यो. बीडला फोन लावू का?”

मी म्हणालो, धूळ किती आहे छावणीत, बघता ना. छातीला धूळ बसते.

“धुळीनं ताप येतो का सर?”

मी केसपेपर पुढे ओढला. अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहून दिलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. “बाई दोन जिवांची हाय,” एवढंच म्हणाल्या. मी मान वर केली नाही. मग त्या गेल्या, आणि केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या: छावणीतील तिसरा रुग्ण. बीडला पाठवण्याबाबत डॉक्टरांना सांगितले. खाली वेळ. अकरा दहा.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी सकाळी मांडवात हार-तुरे झाले, भाषणं झाली, गाड्या धुरळा उडवत परत गेल्या. त्या गाड्या रस्त्याला लागल्यावर मी बीडला फोन केला. दुपारचे बारा वाजले होते. गयाबाईला तोवर एक अख्खं वाक्य बोलता येत नव्हतं. भाकरीवाली बाई आणि ड्रायव्हर, दोघांनाही सोबत पाठवलं.

ती दोघं वाचली. गयाबाई शुक्रवारी सकाळी गेली. पोटातलं मूलही गेलं. तिघांच्याही घशाचे नमुने पुढे स्वाइन फ्लूचेच निघाले.

आदल्या दिवशी औषध सुरू झालं असतं तर वाचली असती का? खात्रीने नाही सांगता येत. हा प्रश्न मी इतक्या वर्षांत फार सांभाळून ठेवला आहे, कारण त्याच्या आड उभं राहता येतं. पण मी कबूल करायला बसलोय ते फक्त एवढंच नाही.

शुक्रवारी दुपारी, बातमी आल्यावर, मी गयाबाईचा केसपेपर काढला. दार लोटलं. आणि तो नव्याने लिहिला. सगळा, माझ्या अक्षरात. त्या दोन ओळी सोडून. जुना कागद बारीक फाडून मी खिशात घातला, आणि घरी जाऊन बंबात टाकला. हात थरथरत नव्हते. तसे ते थरथरले असते तर आज सांगायला काहीतरी बरं राहिलं असतं.

पुढच्या आठवड्यात बीडहून चौकशीला अधिकारी आले. भले गृहस्थ होते, थकलेले. त्यांनी विचारलं, तिघं एकाच ठिकाणचे आहेत हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? कधी?

शोभा सिस्टर माझ्यापासून चार हातांवर उभ्या होत्या.

मी म्हणालो, माझ्या. गुरुवारी. लक्षात आल्याबरोबर फोन केला. मग — हे विचारलंही नव्हतं — मी पुढे म्हणालो, पेशंट छावणीतली आहे हे सिस्टरांनी आधी सांगितलं असतं तर एक दिवस वाचला असता.

“मी सांगितलं व्हतं सर,” त्या म्हणाल्या. अधिकाऱ्यांना नाही, मला. “केसपेपरवर लिवलंय.”

अधिकाऱ्यांनी केसपेपर पाहिला. वर-खाली पाहिला, उलटून पाहिला. मग सिस्टरांकडे पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, आणि मला वाटतं पहिल्या ओळीवरच त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील, रडतील, मला वाटलं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्या वॉर्डात परत गेल्या. त्या हंगामी होत्या. महिनाअखेरीला त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी वॉर्डच्या किल्ल्या त्या माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून गेल्या.

कारखान्याच्या वार्षिक सभेत माझा सत्कार झाला. नवा आजार वेळीच ओळखणारा डॉक्टर म्हणून. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी शाल खांद्यावर नीट करत होतो. पुढच्या महिन्यात प्रमुख झालो. अकरा वर्षं त्या खुर्चीवर बसलो.

सभा संपल्यावर मांडवाच्या दाराशी भागवत थांबला होता. मी वळणार होतो, पण त्याने तोवर वाकून माझ्या पायांना हात लावला होता. “साहेब, तुमी व्हता म्हणून बीडपतुर तरी नेता आलं तिला,” तो म्हणाला. “त्या सिस्टरनं आधी सांगितलं असतं तर... लई वाईट झालं. पन तुमचा दोष न्हाई.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला उठवलं. आणि म्हणालो — हे माझेच शब्द आहेत — “काय करणार, होतात चुका माणसांच्या हातून.”

भागवत आहे. शोभा सिस्टरही आहेत, तलवाड्यातच. त्यांचं घर कुठल्या गल्लीत आहे तेही मला ठाऊक आहे. माझ्या दारातून निघालं तर दोन्ही गावं एका दिवसात करून परत येता येतं. गाडी आहे, तब्येत धड आहे, वेळच वेळ आहे.

मी गेलेलो नाही.