बटुमीच्या फ्लॅटमधलं गाऱ्हाणं

भूतबित, अंगात येणं वगैरे प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणी असले किस्से सुरू केले की मी उठून चहा टाकते. तरी हे लिहितेय, कारण हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय... वहिनीनेही.

मी मालाडला राहते, आई चारकोपला दादाकडे. मालवणजवळ आमचं घर होतं, बाबांनी ते दादाच्या नावावर केलेलं. बाबा गेल्यापासून आईचं एकच, "माका गावाक सोड." दादा म्हणायचा, मे महिन्यात बघू. बघितलं काय, तर ते घर विकून जॉर्जियात, बटुमीला हॉलिडे होम घेतलं. सी-व्ह्यू म्हणे. मालवणला काय डबकं होतं?

आईला कळलं तेव्हा सगळा व्यवहार उरकला होता. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "नवीन घर हा, गाऱ्हाणा घालूक होया." आमच्याकडे नवीन काही केलं की नारळ ठेवून देवाला आणि पूर्वजांना मोठ्याने सांगतात. एकाने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

दादा ताबा घ्यायला एकटाच गेला होता. रविवारी भर दुपारी त्याने तिथून व्हिडिओ कॉल लावला. रिकामा हॉल, ओट्यावर इथून नेलेला नारळ. इकडे आई, फोन धरलेली वहिनी आणि मी. वहिनीचं सगळं लक्ष फोन सांभाळण्यात, आणि मी मुद्दाम गप्प होते. असल्या घराला मी कशाला होकार भरू?

आईने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, झिलान नवीन घर घेतल्यान हा, तेका सांभाळ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." फोनमधून. पाच-सहा माणसांचा आवाज. मला वाटलं, दादाने तिकडचे कुणी मराठी लोक जमवलेत.

मग आई म्हणाली, "गावचा घर आता आपला नाय. थंय जी आमची वडीलधारी माणसा आसत, त्यांनी उघड्यार ऱ्हवू नये, ह्या घराक येवचा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजाऽ..." या वेळी एकच आवाज. शेवट लांबवलेला, मागून खोकला. बाबा असंच म्हणायचे. वहिनीने चमकून माझ्याकडे पाहिलं.

गाऱ्हाणं संपल्यावर दादाच वैतागून म्हणाला, "किती जणांना बोलावलंयस गं? अख्खी सोसायटी?"

"इथे आम्ही तिघीच आहोत. तुझ्याकडे कोण आहे?" मी विचारलं.

त्याने फोन सगळीकडे फिरवला. घरात कुणी नव्हतं. त्याच दुपारी तो बॅग उचलून हॉटेलवर गेला. आता म्हणतो, नेटवर्कचा इको. अरे, वहिनीने आणि मी तोंडच उघडलं नाही, तर इको कसला?

हौसेने घेतलेल्या त्या घरात दादा अजून एकही रात्र राहिलेला नाही. आईला मात्र तिकडे जायचंय. तो नेत नाही. कधी तुला विमान झेपणार नाही, कधी तिकडे थंडी फार. चीड येते मला त्याची.

तो आवाज कुणाचा, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. आईला असला प्रश्नच पडत नाही. ती जेवताना दादाला विचारते, "सगळ्यांका थंय न्हेलंस, मगे माकाच हय कित्याक ठेवलंस?"

दादा टीव्हीचा आवाज वाढवतो.