नावाचा रकाना

बाबा गेल्यावर कारंज्यातलं मोटर वाइंडिंगचं दुकान माझ्याकडे आलं. गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज जावेत म्हणून मी सॉफ्टवेअर घेतलं आणि बाबांच्या वहीतली माणसं एका बैठकीत त्यात भरली. वहीत कुणाची ओळखायची खूण, गाव अन् मोबाइल नंबर, एवढंच असायचं. नावाचा रकाना रिकामा ठेवला की सॉफ्टवेअर पुढे जाऊ देईना. मग वहीत होतं तेच टाकलं. डोकं म्हणून वापरलं नाही.

सोमवारी शेलूबाजारचे एक म्हातारे शेतकरी दुकानात आले आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘नमस्कार तोतरा, तुमच्या मोटरच्या सर्व्हिसिंगची वेळ झाली आहे.’

बाबा त्यांना दादा म्हणायचे. ते बोलताना अडले, तर बाबा मध्ये शब्द न घालता हातातलं काम थांबवून वाट बघायचे.

“तुया बाप मले असंच म्हणे का?” एवढं विचारायला त्यांना बराच वेळ लागला.

“नाही दादा, मशीनची चूक हाय,” मी खोटंच बोललो.

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

“मी कसा बोलतो, हे मशीनले कसं मालूम?”