न मोजलेल्या पेशी

"मावशी, स्कोअर झीरो आला आहे. दोनला क्लिनिक आहे. मी त्यांना इम्युनोथेरपी देऊ शकत नाही." अनुजाचा फोन. ती आमच्या लीड्सच्या हॉस्पिटलात कॅन्सरची डॉक्टर, माझ्या मैत्रिणीची इथेच जन्मलेली मुलगी. मी तिथलीच पॅथॉलॉजिस्ट. पेशंट निवृत्त बसड्रायव्हर, जिभेचा कॅन्सर उलटलेला. किडन्या खराब, त्यामुळे केमो झेपणार नव्हती. उरलं होतं हे एकच औषध.

मी स्लाइड मागवली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि माझं डोकंच फिरलं.

पीडी-एल-वन नावाचं एक प्रथिन असतं. ते समोर आलं की आपल्या रोगप्रतिकारक पेशी कॅन्सरवर हल्ला करायच्या थांबतात. औषध ही अडवणूक मोडतं. म्हणून आम्ही प्रथिनाला तपकिरी रंग देतो आणि रंगलेल्या पेशी मोजून स्कोअर काढतो; झीरो आला तर औषध देता येत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये फक्त कॅन्सरच्या पेशी मोजायच्या. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरमध्ये भोवतालच्या रोगप्रतिकारक पेशीही धरायच्या. इथे कॅन्सरच्या पेशी कोऱ्या होत्या, पण त्यांच्या भोवती सगळं तपकिरी होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं!

रिपोर्ट सायमनचा, आमच्या विभागप्रमुखाचा. जन्मभर फुफ्फुसं पाहिलेला माणूस. त्याने इथेही फुफ्फुसाचाच हिशेब लावला होता. मी तडक त्याच्या खोलीत गेले.

"इम्यून सेल्स मोजल्याच नाहीस तू."

"रिपोर्ट सही होऊन गेलाय. मंगळवारच्या मीटिंगमध्ये घेऊ."

"क्लिनिक आज आहे! मंगळवारपर्यंत त्या माणसाला काय सांगायचं? मीटिंग आहे म्हणून?"

"आवाज कमी कर, प्लीज."

"नाही करणार. आधी स्लाइड बघ."

त्याने पाहिली. बराच वेळ पाहिली. मग स्क्रीनवर रिपोर्ट उघडला आणि माझ्याकडे वळवला.

"चूक माझी. पण खाली सेकंड चेक कुणाचा आहे, तेही वाच."

आमच्याकडे अशा रिपोर्टवर दुसऱ्या डॉक्टरचीही सही लागते. तिथे माझं नाव होतं. गेल्या शुक्रवारी घरी जायच्या घाईत, सायमनचं काम म्हणून, स्लाइड न उघडता मी ओके केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावणेदोनला आम्ही दोघांनी दुरुस्त रिपोर्ट पाठवला. अनुजाने औषध लिहून दिलं. चूक कळवायचा फॉर्म मी भरला, दोन्ही नावं घालून.

आता सायमनचं नाव दिसलं की मी आधी स्लाइड मागवते. माझं नाव दिसलं की तोही मागवतो.