सात जणांत उरली एक

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. आमच्याकडे गावाहून चार माणसं आली की कुणाला तरी कुठेतरी काहीतरी दिसलेलं असायचंच, आणि मी सरळ उठून आत जायचे. नवस, उतारे, अंगात येणं — यातलं मी तेव्हाही काही मानत नव्हते, आजही मानत नाही. तरीही हे लिहितेय. वाचून कुणी मला कसली शांती करून घ्यायला सांगू नये, एवढंच.

गोष्ट सन चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची. आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहायचो. वडील गेलेले, घरात आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान मेधा. मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत टायपिस्ट होते. रविवारी आमचा, मेधासकट, दहा-बारा जणांचा एक ग्रुप असायचा — कधी डोंगर चढायचे, कधी सायकली काढायच्या. त्या वर्षी ठरलं, पार्ले ते मरोळ ट्रेझर हंट करायचा. जुन्या जागा शोधायच्या, प्रत्येक ठिकाणी कोड्याची चिठ्ठी, त्यातून पुढचं ठिकाण. कोडी रचायचं काम अर्थात माझ्याकडे. यमक जुळवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं आणि मला त्याचा माजही होता.

शेवटचं ठिकाण मी निवडलं ते मरोळच्या पुढचं जुनं ख्रिस्ती कबरस्तान. एका बाजूला कारखान्यांची कुंपणं, दुसऱ्या बाजूला गाव, आणि मध्ये कमरेएवढ्या गवतात काळे पडलेले दगडी क्रूस. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी एकटीच चिठ्ठ्या लपवायला गेले. आत शिरल्यापासून ती जागा मला आवडली नाही. भीती नव्हती वाटत... पण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरावं आणि घरातल्यांनी बोलणं थांबवून आपल्याकडे बघत राहावं, तसं वाटत होतं. सलवारला कुसळं इतकी चिकटली की पाय उचलवेना.

एका थडग्यावर देवनागरीत कोरलं होतं. बाईचं नाव इझाबेल. वर तिचा नवरा आणि पाच मुलं — सहाही जण एकाच साथीत, पंधरा दिवसांच्या आत गेलेले. सगळ्यात खाली ती स्वतः, चाळीस वर्षांनी. दुसरं कुणी असतं तर गप्प उभं राहिलं असतं. मला मात्र कोडं सुचलं! तिथेच बसून पाठकोऱ्या कागदावर लिहिलं —

सात जणांत उरली एक,
नवरा नाही, नाही लेक.
गेले किती ते मोजून घ्या,
तेवढी पावलं उजवीकडे या.

सहा पावलांवर चाफा होता, त्याच्या बेचक्यात शेवटची खूण. उजवीकडे मुद्दाम लिहिलं, कारण डावीकडे गवतात एक कोरडी विहीर होती, कठडा ढासळलेली. ती मी पाहिली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी तेच लक्षात ठेवलं.

मी वाचून बघत होते, मोठ्याने, चालीवर. मागून आवाज आला, "काय गातंस गो?" गावातली म्हातारी, लुगडं नेसलेली, हातात झाडू. ती तिथली झाडलोट करायची. मी तिला कौतुकाने खेळ समजावला. ती थडग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इला इचारलास?"

"कुणाला?"

"जिची मानसा मोजतंस तिला. खेलाला दुसरी जागा नाय मिलली तुला?"

मी म्हटलं, "मावशी, मेलेल्या माणसाला काय कळतंय?" आणि चिठ्ठी दगडाच्या फटीत खोचून चालती झाले. असं बोलायला नको होतं. पण बोलले.

आता घरातलं सांगायलाच हवं. मेधाचं लग्न ठरलं होतं, मे महिन्यातलं. मोठी बिनलग्नाची आणि धाकटीचं आधी, यावरून येणारा-जाणारा मला टोचून जायचा. त्या गुरुवारी मेधा स्वयंपाकघरात आईला म्हणाली, "ताईचं काही जमायचं नाही आता, तू आस सोड." मी दारातच होते. माझा तोल सुटला. म्हटलं, "तू झालीच नसतीस तर आईला एकच लेक पुरली असती!" आई रडली. मेधा माझ्याशी बोलायची थांबली. हे वाक्य आम्हा तिघींपलीकडे कुणीही ऐकलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर बसले. नियम असा की चिठ्ठी वाचायची आणि होती तिथे परत ठेवायची, मागून येणाऱ्यांसाठी. पहिली टीम आली, कोडं वाचलं, सहा पावलं चालून चाफ्यापाशी गेली, हसत बाहेर पडली. मग मेधाची टीम आली. ती, ग्रुपमधला अविनाश आणि आणखी एक मुलगी. मेधाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

फाटकातून मला थडगं दिसत होतं, वीस-पंचवीस पावलांवर. मेधाने चिठ्ठी काढली. वाचली. मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं... इतका राग मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. चिठ्ठी अविनाशच्या हातात कोंबून ती चालू लागली. डावीकडे. मान ताठ, नजर समोर.

"मेधा! अगं तिकडे नाही!" मी ओरडले. म्हणजे ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. उठून पळायला गेले तर फाटकाची कडी लागलेली, जी मी लावली नव्हती. ती निघेपर्यंत मेधा गवतात दिसेनाशी झाली होती.

बारा-चौदा फूट खाली होती ती. मांडीचं हाड मोडलेलं. शेजारच्या कारखान्याच्या वॉचमननी शिडी आणि दोर आणून तिला वर काढलं. मी तिच्या डोक्याशी बसले तर तिने माझा हात झिडकारला. तेवढ्यात अविनाशने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "शालू, काय हे? वेड लागलंय का तुला?"

तोच पाठकोरा कागद. माझीच हिरवी शाई. माझंच अक्षर, माझ्या सवयीचा तो लांब ओढलेला काना.

दोघी बहिणी, उरेल एक,
आईला पुरे एकच लेक.
पायाखाली बघू नका,
चालत राहा, थांबू नका.

मी लिहिलं नव्हतं. पहिल्या टीमने नंतर कोडं शपथेवर म्हणून दाखवलं, ते माझंच होतं, जसंच्या तसं. चिठ्ठी त्यांनी बदलली म्हणावं, तर गुरुवारचं वाक्य त्यांना कुठून कळणार? आम्ही फट उचकून पाहिली, गवत चाळलं. माझी चिठ्ठी कुठेच नव्हती.

हॉस्पिटलमध्ये मेधा आईला म्हणाली, "लिहिलं ते लिहिलं, पण वर मोजत पण होती. मी चालत होते आणि ही मागून मोजत होती. एक, दोन, तीन... सहाला मी पडले." अविनाश तिच्या मागेच होता, त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं. आणि मी? मला तर मेधा म्हणून हाकसुद्धा मारता आली नव्हती.

पंधरा दिवसांनी मी फुलं घेऊन कबरस्तानात गेले. मनात म्हटलं, मानत नाही तर नाही, पण माफी मागायला काय हरकत आहे? म्हातारी फाटकातच उभी होती. तिने कडी काढली नाही. "आता कनाला आयलीस?" मी म्हटलं, माफी मागायला; चुकलं माझं, मला आत जाऊ द्या. "तिला नको तुझी फुला. जा." मी हातापाया पडले. ती हलली नाही. फुलं मी बस-स्टॉपवर टाकून दिली.

लग्न पुढे ढकललं गेलं. झालं एकदाचं, पण मेधा पाय ओढतच बोहल्यावर चढली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दोन वर्षं. मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आईने डिंक-खारका आणून ठेवल्या होत्या. मेधाने निरोप पाठवला, "ताई त्या घरात आहे तोवर मी येणार नाही. तिने एकदा कबूल करावं, मग बघू." आई नुसती खारकांचा डबा उघडायची आणि लावायची. चार दिवस मी ते पाहिलं.

पाचव्या दिवशी मेधाच्या घरी मुलुंडला गेले. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, "हो. मीच लिहिली ती चिठ्ठी."

"आणि मोजत होतीस?"

"मोजत पण मीच होते."

ती खूप रडली. म्हणाली, "एवढंच ऐकायचं होतं गं मला. रागाच्या भरात होतं माणसाकडून." आणि मला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. मुलगी झाली, पहिली अंघोळ मीच घातली. पुढे माझंही लग्न झालं, आमचं पुन्हा सगळं छान झालं. लग्नकार्यात ती हसत हसत सगळ्यांना सांगते, "ताईने मला विहिरीत ढकलायचा बेत केला होता हं!" आणि सगळे हसतात. मीही हसते.

त्या फटीत तो कागद कुणी ठेवला, माझ्या आवाजात कोण मोजत होतं, मला आजही सांगता येत नाही. सांगू शकेल असं कुणी भेटलंही नाही. पण ज्यात हे छापून येईल ते मासिक मेधाच्या घरी जातं, आणि ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, मला ठाऊक आहे. मेधा, आई आता नाही. आपली दोघींचीही पोरं मोठी झाली. मी खोटी कबुली दिली होती गं. जिला माफ करून तू इतकी वर्षं माझ्याशी बोललीस, ती मी नव्हेच. आता पुन्हा बोलणं टाकायचं असेल तर टाक.