ताराबाईंच्या मणीने खाल्लेला विडा

"त्या सेल्वीने काहीच केलं नाही, डॉक्टर!" ताराबाईंनी कुत्रा माझ्या टेबलावर ठेवला. "तोंड धुतलं, एक सिरप पाजलं आणि बसा म्हणाली. साधी उलटी करवली नाही. उठले आणि तडक तुमच्याकडे आले."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. सेल्वी तीन वर्षं माझीच असिस्टंट होती. मग तिने माझ्या समोरच क्लिनिक काढलं. एसी, सोनोग्राफी, काचेचं दार. कुंभकोणमची निम्मी कुत्री आता त्या दारातून आत जातात आणि मी पंख्याखाली बसून बघतो. जळतो मी, दुसरा शब्द नाही.

मणी म्हणजे ताराबाईंचा पॉमेरेनियन. दुपारी जेवणं झाल्यावर त्याने पानाच्या तबकात तोंड घातलं होतं. लाळ नुसती गळत होती.

"काय खाल्लं?"

"विडा हो. तबक चाटूनपुसून साफ!"

विडा म्हणजे सुपारी आलीच. सुपारी कुत्र्याला बाधते. लाळ गळते, अंग कापतं. खाऊन फार वेळ झाला नसेल तर उलटी करवून ती बाहेर काढायची. एवढं साधं सेल्वीला सुचू नये? काचेचं दार बसवलं म्हणून अक्कल येत नाही, असं मनात म्हणत मी सिरिंजमध्ये उलटीचं औषध भरलं.

"घट्ट धरा त्याला."

मणीने पाय झाडला. माझ्या बाहीवर पांढरा डाग उमटला.

"हे काय लागलं?"

"चुना. मेल्याने डबीसुद्धा सोडली नाही."

माझा हात तिथेच थांबला. चुना भाजतो. गिळताना घसा आणि अन्ननलिका पोळते. उलटी करवली तर वर येताना त्याच जागा पुन्हा पोळतात. कुत्रं त्यात दगावूही शकतं. अशा वेळी तोंड धुवायचं, थोडं थोडं पाणी द्यायचं, जळजळीचं औषध द्यायचं आणि लक्ष ठेवायचं. म्हणजे सेल्वीने केलं तेच. मणीचा जबडा उघडला तर जीभ लालबुंद. हे मी आधी बघायला हवं होतं.

"चुन्याचं सेल्वीला सांगितलं होतंत?"

"तिनेच विचारलं की. तबकात काय काय होतं, एकेक सांगा म्हणाली."

मी सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली. परत तिच्याकडे न्या, असं म्हणवेना. मणीला ठेवून घेतलं, सलाईन लावलं. चौथ्या दिवशी तो दहीभात खाऊ लागला.

ताराबाईंनी गल्लीभर सांगितलं, "त्या पोरीला जमलं नाही, आमच्या डॉक्टरांनी वाचवला!" दोन दिवस मी ते ऐकून घेतलं. छान वाटत होतं. तिसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून खरं काय ते त्यांना सांगून टाकलं. आता त्या मणीला सेल्वीकडे नेतात.

तर, कुत्र्याने भलतंसलतं खाल्लं की घरी मीठपाणी पाजून उलटी करवू नका. डबी, रॅपर, उरलंसुरलं जे असेल ते घेऊन डॉक्टरकडे पळा. आणि काय काय खाल्लं हे नीट न विचारता कोणी सिरिंज भरायला लागला, तर कुत्रं उचला आणि तिथून निघा. मग त्याला तीस वर्षांचा अनुभव का असेना.