ट्रॉलीतली ओंजळ

काल इथे अमेरिकेत, रेडमंडच्या बसमध्ये शेजारच्यानं लिंबाच्या वासाचं सॅनिटायझर हाताला चोळलं आणि मला काही वर्षांपूर्वीची ती ट्रॉली आठवली.

माझी मुलगी राही तेव्हा तीन वर्षांची होती. माझी आई नागपूरहून आली होती, म्हणून दोघींना जुन्या ट्रॉलीत, म्हणजे रुळांवरच्या ट्राममध्ये, बसवायला नेलं होतं. ट्रॉली बोगद्यात शिरली तशी ओल, ग्रीस आणि कुबट हवा नाकात गेली. राहीला उमासा आला. आईनं झटकन ओंजळ पुढे केली आणि नातीची ओकारी हातांत झेलली.

"परक्यांची गाडी आहे रे, बाक खराब नको व्हायला."

बोटांमधून थोडं गळलंच. मी तोंड फिरवलं. आजूबाजूच्यांना सॉरी, सॉरी म्हणत, होते-नव्हते तेवढे टिश्यू बाक पुसण्यात संपवले. वर तेच लिंबाचं सॅनिटायझर बाकाला फासलं.

बोगदा संपला, उजेड आला. आई ओंजळ तशीच धरून बसली होती.

"हे कुठे टाकू रे?" तिनं हळूच विचारलं.

"थांब जरा. लोक उतरू देत," मी म्हणालो.

दोन स्टॉप ती तशीच बसली. तेव्हा मला तिच्या हातांची किळस आली होती. काल बसमध्ये मला माझ्या स्वच्छ हातांकडे बघवेना.